खानदेशची उतरण

खानदेश हा मुळातच खोलगट मुलूख आहे. उत्तरेस सातपुड्याची सलग भिंत, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीचे व गाळण्याच्या डोंगरांचे फाटे, आणि या तिन्हींच्या कुशीतून समुद्राकडे जाणारी तापी, अशी या प्रांताची रचना असल्यामुळे, वऱ्हाडाकडची पूर्वेची मोकळी वाट सोडली तर, माळव्यातून, औरंगाबादेच्या पठारावरून किंवा मालेगावाच्या बाजूने जो कोणी येथे आला, तो सुभेदार असो, सौदागर असो की साधा गाडीवान असो, त्याला घाट उतरूनच यावे लागले. घाट चढणाऱ्या फौजांची वर्णने बखरींत व इतिहासग्रंथांत विपुल सापडतात. भरल्या ओझ्यानिशी घाट उतरणाऱ्यांची दखल मात्र फारशी कोणी घेतलेली नाही. वस्तुतः चढणीला केवळ बळ लागते, आणि बळ दामाने, वेठीने किंवा जादा बैल जुंपून मिळविता येते. उतरणीला विवेक लागतो, आणि तो वेळेवर सुचला नाही तर नंतर कितीही दाम मोजून मिळत नाही. पाठीवर ओझे वाहणारा बैल, बैलगाडी, आगगाडी, मालमोटार आणि आजची आपोआप गिअर बदलणारी गाडी या साऱ्या वाहनांची खानदेशच्या वाटेवरच्या घाटांनी एकच परीक्षा घेतली. तिचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

घाटाच्या तोंडाशी किल्ला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी नाका, ही जुन्या राज्यकर्त्यांची रीत होती. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजा फारुकीस थाळनेर व करवंद हे परगणे दिले आणि फारुकी घराण्याचा अंमल या प्रांतात रुजला. त्याच घराण्याच्या ताब्यातील लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेस घाटवाटेवर असा बसविलेला आहे की वाटेवरची हालचाल बुरुजावरून सहज टिपता यावी. अवजड माल घेऊन उतरणारा माणूस पायथ्याशी थकलेला, सावध आणि मंदगती असतो. जकात वसूल करण्यास याहून सोयीची जागा कोणती? आज त्याच लळिंगपाशी चौपदरी महामार्गावर टोलनाका आहे. राज्ये बदलली, शिक्के बदलले, पण भूगोलाने नेमून दिलेली वसुलीची जागा कोणत्याही दिवाणास बदलावीशी वाटली नाही.

घाटांची राखण मात्र किल्लेदारांपेक्षा डोंगरातल्या भिल्ल नाईकांकडे अधिक असे. वाट सुरक्षित ठेवावी आणि त्याबद्दल गावांकडून व तांड्यांकडून आपला हक्क घ्यावा, अशी ती व्यवस्था होती; हक्क मोडला की वाटही मोडे. १८१८ साली पेशवाई बुडाली, खानदेश कंपनी सरकारकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास आपले ठाणे केले, तेव्हा त्याच्यापुढील बिकट प्रश्नांत या वाटांचा बंदोबस्त हा अग्रभागी होता. फौजेच्या जोरावर जे साधले नाही ते पुढे १८२५ साली जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण धरणगावी उभारून साधले. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटास त्याचे नाव पडले, आणि त्या घाटालगतच्या रानास १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला तेव्हा गौताळ्याबरोबर औट्रमचेही नाव सरकारी कागदावर कायम राहिले.

गाडीरस्ते होण्यापूर्वी या वाटांवरून धान्य, मीठ आणि कापूस जात असे तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. पाठीवरच्या गोणीला चाक नसल्यामुळे उतारावर ती बैलाला पुढे ढकलीत नाही. प्रत्येक पावलाला चार खुरांची पकड असते, आणि तांड्याचा वेग सर्वांत सावध बैलाच्या वेगाइतकाच राहतो. चाक आले आणि धोका आला. बैलगाडी चढणीला बैल ओढतात, पण उतरणीला गाडीच बैलांना ओढते किंवा, अधिक नेमके सांगायचे तर, लोटते. जू मानेवरून पुढे शिंगांकडे सरकते, शिवळा कलतात आणि जनावर मागचे पाय रोवून आपल्याहून कितीतरी जड असलेले ओझे अंगावर घेण्याचा केविलवाणा प्रयत्न करते. म्हणून जाणता गाडीवान माथ्यावर गाडी उभी करी, चाकाच्या आऱ्यांतून दोर ओवून तो साटीला बांधून टाकी, म्हणजे चाक फिरण्याऐवजी लोखंडी धावेवर घसटत उतरे. कोणी चाकांवर आडवे लाकूड दाबून धरण्याची तजवीज करी, तर कोणी गाडीच्या मागे झाडाचा ओंडका जखडून तो फरफटत नेई. या साऱ्या युक्त्यांचे मर्म एकच होते. ओझे आवरण्याचे काम बैलाच्या मानेवर पडू द्यावयाचे नाही, ते दुसऱ्या कशावर तरी टाकावयाचे. आणि ती तजवीज माथ्यावर, गाडी उभी असतानाच करावयाची. अर्ध्या घाटात, लोटत्या गाडीच्या आऱ्यांत दोर ओवण्यास जो गेला त्याचा हात तरी गेला किंवा गाडी तरी गेली.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, खानदेशच्या कापसास सोन्याचे मोल आले, आणि नेमक्या त्याच सुमारास मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे सह्याद्री ओलांडून या प्रांतात शिरत होती. कसाऱ्याचा थळ घाट १८६५ साली रेल्वेसाठी खुला झाला. सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली, असा त्याचा उतार पादचाऱ्यास जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकास तो भयंकर आहे. रेल्वेच्या अभियंत्यांनी गाडीवानाचाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरविला: घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवून तिचे ब्रेक तपासावयाचे, आणि उतारावर ठिकठिकाणी असे फाटे ठेवावयाचे की ज्या गाडीला ठरल्या जागी थांबता आले नाही, ती मुख्य मार्गावरून धावत सुटण्याऐवजी उलट्या चढाच्या फाट्यात शिरून आपोआप थंडावेल. माणूस चुकेल हे गृहीत धरून केलेली ही योजना होती, आणि म्हणूनच ती टिकली.

पुढे १९३० च्या सुमारास या घाटात विजेची इंजिने धावू लागली. त्यांतील मालगाडीची जी लांबोडकी, सांध्यासांध्यांत वळणारी इंजिने होती त्यांना रेल्वेतली माणसे ‘खेकडा’ म्हणत. हा खेकडा उतरताना आपल्या मोटारींना जनित्र बनवी. गाडीच्या भारानेच त्या फिरत, वीज निर्माण करीत आणि ती तारेत परत पाठवीत. बैलगाडीच्या ओंडक्याने जे ओझे मातीत घासून जिरविले, तेच येथे उपयोगी लागले. आजच्या विजेच्या मोटारी हाच मार्ग चोखाळतात, मात्र त्यांची बॅटरी माथ्यावरच पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज साठवावयास जागा उरत नाही आणि हा आधार ऐन उतारावर दुबळा पडतो, हे त्यांच्या मालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

खानदेशच्या रस्त्यांवर मोटारींची खरी वर्दळ वाढली ती स्वातंत्र्यानंतर. धुळे हे आग्रा रस्त्यावरचे जुने ठाणे होतेच. पुढे मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे असे तीन राष्ट्रीय महामार्ग येथे मिळाले, तेव्हा शहराला मालमोटारींच्या मुक्कामाचे महत्त्व आले. १९५४ पासून जमशेदपुरात टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधावयास आरंभ केला आणि पुढील काही दशके सातपुड्यातील बिजासन घाटाने, लळिंगने व कन्नडच्या घाटाने जे ट्रक उतरले त्यांत त्यांचा भरणा मोठा होता. त्या जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळविणे हे कसबाचे काम होते. वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये यावयाचे तर क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावयाची, क्लच सोडून इंजिनाला नेमका तेवढा वेग द्यावयाचा आणि पुन्हा क्लच दाबून दांडी सरकवावयाची. वेग जुळला नाही तर दाते किरकिरत आणि गिअर पडतच नसे. सपाटीवर ही केवळ फजिती होती. उतारावर मात्र वरचा गिअर सुटला, खालचा पडेना आणि भरला ट्रक न्यूट्रलमध्ये धावू लागला, की पुढचे सारे ब्रेकच्या आणि दैवाच्या हवाली. म्हणून वस्ताद ड्रायव्हर किन्नराला, म्हणजे क्लीनरला, पहिला मंत्र देई तो हा, की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि तो गिअर माथ्यावरच टाकावा.

या मंत्रामागील शास्त्र साधे आहे. पायाने ॲक्सिलरेटर न दाबता गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे चाके इंजिनाला फिरवितात, आणि इंजिन फिरावयास नाखूश असते. त्याच्या आतील घर्षण, हवा खेचण्याचे व दाबण्याचे श्रम, हे सारे गाडीच्या वेगातून वसूल होतात. गिअर जितका खालचा तितकी वसुली कडक. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेचा मार्गच अडतो आणि इंजिन चांगलेच ओढून धरते. डिझेल इंजिनात तसा अडथळा नसल्याने त्याची पकड कमी असते, म्हणून मोठ्या ट्रकांच्या धुराच्या नळीत झडप बसवून इंजिनाचा श्वास कोंडण्याची सोय करण्यात आली.

आणि गिअर न वापरता केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली तर काय होते? कन्नडचे पठार आणि चाळीसगाव यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचे अंतर आहे. चाळीस टनांचा ट्रक एवढा उतरला म्हणजे त्याच्या वजनातून जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे साडेतीनशे लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ती उष्णता काही मोजक्या ड्रमांत आणि लायनरांत कोंबण्याचा प्रयत्न म्हणजे घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरणे. प्रथम जळक्या वासाची वर्दी येते. मग लायनरची पकड सुटू लागते, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरतो, लहान गाड्यांत ब्रेकचे तेल उकळून पायाखालचे पेडल पोकळ लागते, आणि मोठ्या गाड्यांत वारंवार दाबल्याने टाकीतली हवाच उतरते. ‘ब्रेक फेल झाला’ असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पुष्कळदा त्या ब्रेकने आपल्या कुवतीबाहेरचे काम करून मग मान टाकलेली असते.

४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणारा एक कंटेनर शिरपूर तालुक्यातील पळासनेरपाशी असाच अनावर झाला, वाटेतल्या वाहनांना धडकून रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. तेथे बसथांब्यापाशी उभ्या असलेल्या माणसांचा घाटाशी काय संबंध होता? अवघड वाटेचा दंड वाटसरूने भरावा हा जुना न्याय. येथे तो दंड पायथ्याच्या गावाने भरला. औट्रम घाटाचीही हीच कहाणी निराळ्या तऱ्हेने घडली. २०२१ च्या ऑगस्टअखेरीच्या अतिवृष्टीत त्याच्या दरडी कोसळल्या, आणि २०२३ च्या ऑगस्टात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या हुकुमाने तेथून जड वाहनांची वाहतूक बंद झाली. राखणदार भिल्ल नाईक जाऊन न्यायालय आले, पण घाटाला राखणदार लागतोच.

आता या परंपरेत एक नवे वाहन दाखल झाले आहे, ज्याला क्लचचे पेडल नाही आणि ज्याचा मालक गिअर बदलण्याचे कसब जाणत नसला तरी चालते. त्याचा उगम घाटात नव्हे, समुद्रात आहे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजाच्या वाफेच्या टर्बाइनचे बळ पंख्यापर्यंत पोचविण्यासाठी असे यंत्र कल्पिले की दोन पंखाचक्रांमध्ये केवळ तेल असावे आणि एकाच्या फिरण्याने ढवळलेले तेल दुसऱ्यास फिरवील. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली तेलाचा असा दुवा आणि आपोआप बदलणारे गिअर यांची सांगड घालून संपूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. आपल्याकडे तो फार काळ श्रीमंतांच्या मोटारींपुरता राहिला. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये साध्याच गिअरबॉक्सला यांत्रिक हात जोडून ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली, आणि २०२० साली, ज्या आग्रा रस्त्यावर धुळे आहे त्याच रस्त्यावरच्या नाशकात बांधली जाणारी महिंद्रांची थारही ऑटोमॅटिक स्वरूपात मिळू लागली. तोरणमाळच्या सातपायरी घाटात किंवा धडगावकडच्या डोंगरवाटांवर आता अशा गाड्या सर्रास दिसतात.

या गाडीचा स्वभाव उतारावर समजून घेतला पाहिजे. कोणता गिअर द्यावा हे ती मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरविते: गाडीचा वेग किती आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर किती. सपाटीवर हा हिशेब चोख आहे. पण घाटमाथ्यावर चालक पाय उचलतो आणि गाडी उताराने वेग घेऊ लागते, तेव्हा या हिशेबाने पाहता चालकाला शक्ती नको आहे आणि वेग तर वाढतो आहे. म्हणून ती इमानेइतबारे वरचा गिअर टाकते. जेथे वस्तादाने दुसरा गिअर धरून ठेवला असता तेथे यंत्र चौथा-पाचवा देते, इंजिनाची पकड सैल होते आणि सारे ओझे पुन्हा ब्रेकवर येते. अनेक जुन्या रचनांत तर पहिला गिअर ‘डी’मध्ये एकेरी क्लचवर चालतो, तो इंजिनाचे बळ चाकांकडे जाऊ देतो, परंतु चाकांनी इंजिनास फिरवू म्हटले तर मोकळा सुटतो, आणि सायकलचे पेडल न मारता उतारावरून सुटावे तशी गाडी सुटते. त्याच गिअरसाठी दांडी ‘एल’ किंवा ‘१’ वर ओढली की आतला दुसरा पट्टा आवळला जातो आणि इंजिन ओढून धरू लागते. तेलाच्या दुव्यातही थोडी ढिलाई असतेच; यांत्रिक हाताच्या गाड्या अगदी मंद वेगावर, इंजिन बंद पडू नये म्हणून, आपण होऊन क्लच सोडतात. नव्या गाड्यांतील काही यंत्रे उतार ओळखून खालचा गिअर धरतात हे खरे, पण पुढच्या वळणाआड घाट आणखी किती उरला आहे हे त्यांनाही ठाऊक नसते.

डांबरी घाटात जे ब्रेकच्या जळण्यावर निभावते ते सातपुड्याच्या कच्च्या वाटेवर निभावत नाही. सुट्या मुरुमावर ब्रेक जोराने लागला तर चाक थांबते पण गाडी थांबत नाही, आणि थांबलेल्या चाकाला सुकाणू जुमानत नाही. चाक अडकू न देणारी आधुनिक व्यवस्था सुकाणू राखते, परंतु सुट्या खडीवर तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. अशा ठिकाणी पुढच्या व मागच्या आसांना एकत्र जखडणारा ‘फोर लो’ हा मंद गिअर आणि त्यात ओढून ठेवलेली पहिली दांडी हाच खरा आधार, कारण त्यात आवरण्याचे काम चारही चाकांत वाटले जाते आणि एकही चाक एकदम अडकत नाही. १९९७ साली लँड रोव्हरने फ्रीलँडर या गाडीत उताराचा वेग आपोआप आवरणारी व्यवस्था प्रथम आणली, आणि आता ती आपल्याकडच्या अनेक गाड्यांत बटणाच्या रूपाने बसली आहे. पण ती एकेका चाकाचा ब्रेक क्षणोक्षणी दाबून-सोडूनच काम करते, म्हणजे मूळ उष्णता पुन्हा ब्रेकमध्येच जाते. थोड्या अंतराच्या खड्या उतारासाठी ती उत्तम आहे. मैलोगणती घाटासाठी ती इंजिनाची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की वेग वाढल्यानंतर ‘एल’वर दांडी ओढली तरी बहुतेक आधुनिक गिअरबॉक्स ती आज्ञा मानीत नाहीत, इंजिन मोडू नये म्हणून वेग उतरेपर्यंत खालचा गिअर देण्याचे ते नाकारतात. आऱ्यांत दोर ओवू न शकलेला गाडीवान, खालचा गिअर न पडलेला ट्रकवाला आणि दांडी ओढूनही काही न घडलेला ऑटोमॅटिकचा मालक हे तिघे एकाच जागी चुकलेले असतात, आणि ती जागा अर्ध्या घाटात नसून माथ्यावर असते. बिजासन घाटात देवीच्या मंदिरापाशी ट्रक उभा करून नारळ वाढविण्याची जी चाल आहे, तिची गणना आपण केवळ भाविकपणात करतो. पण तेवढ्या विसाव्यात ब्रेक निवतात, टायरांवर हात फिरतो आणि पुढचा उतार कोणत्या गिअरमध्ये घ्यावयाचा याचा विचार होतो, हा तिचा व्यावहारिक गुण मला तितकाच मोलाचा वाटतो.

यंत्राने कसब काढून घेतले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. क्लचच्या पायदुखीतून माणूस सुटला हे चांगलेच झाले. मात्र निर्णय यंत्राकडे गेलेला नाही. ज्यांच्या घरी नवी ऑटोमॅटिक गाडी आली आहे त्यांनी गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातील खालच्या गिअरचे पान एकदा वाचावे, दांडीवरचे ‘एल’, ‘२’ किंवा अधिक-उण्याची खूण कशासाठी आहे ते सपाट रस्त्यावर करून पाहावे, आणि मग कन्नडच्या, लळिंगच्या वा तोरणमाळच्या माथ्यावर, उतार लागण्यापूर्वी, वेग कमी असतानाच ती दांडी ओढावी. वेग आवरण्याचे काम इंजिनाने करावे, थांबविण्याचे ब्रेकने. घाट उतरण्याचा कायदा एवढाच आहे.